आप्पांच्या नोंदी शोधताना

स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवात आईच्या माहेरच्या गावातल्या शाळेने एक पुस्तिका काढायचं ठरवलं. गाव सिन्नर तालुक्यातलं. शाळेचे जे माजी विद्यार्थी स्वातंत्र्यलढ्यात होते, त्यांची माहिती छापायची होती. छापील फॉर्म मामाकडे आला. नाव, जन्मसाल, कोणतं आंदोलन, तुरुंगवासाचा कालावधी, पुराव्याच्या झेरॉक्स. मामाने तो माझ्याकडे पाठवून दिला. मी बँकेतून नुकतीच रिटायर झाले होते, त्यामुळे घरातली अशी सगळी कामं माझ्याकडेच येत होती.

आप्पा म्हणजे आईचे वडील. नाशिकमध्ये आधी एका साप्ताहिकात, नंतर एका दैनिकात त्यांनी जन्म काढला. वार्ताहर, मुद्रितशोधक, उपसंपादक, अडलं तर खिळे जुळवणारे कंपोझिटर, सगळं केलं. मी कॉलेजात असताना ते गेले. त्यांच्याबद्दल घरात दोन गोष्टी होत्या. एक मोठ्याने सांगितली जायची : युद्धाला विरोध केला म्हणून आप्पा जेलमध्ये गेले होते. दुसरी हळू आवाजात : त्याच युद्धात पुढे आप्पा मिलिटरीत होते.

मामा फोनवर म्हणाला, "जेलचं लिही. मिलिटरीचं नको लिहूस. लोक विचारतील, इंग्रजांच्या विरुद्ध होते की इंग्रजांच्या पगारावर?"

मलाही तोच प्रश्न होता. उत्तर कुणालाच ठाऊक नव्हतं. फॉर्म भरायला पुरावा लागणारच होता, म्हणून दोन्ही शोधायचं ठरवलं. हे सगळं कसं झालं ते लिहून ठेवते आहे, कारण अशी आजी-आजोबांची कागदपत्रं शोधणारे पुष्कळ आहेत आणि सगळेच माझ्यासारखे आधी चुकीच्या दारात उभे राहतात.

आधी जेलचं. आप्पांचा सत्याग्रह म्हणजे १९४०-४१ चा वैयक्तिक सत्याग्रह. ४२ च्या गर्दीत हा बिचारा विसरला जातो. महायुद्ध सुरू झालं तेव्हा व्हाइसरॉयने हिंदुस्थानला न विचारताच युद्धात ओढलं. गांधीजींनी मोठं आंदोलन न करता एकेक माणूस निवडून पाठवायला सुरुवात केली. १७ ऑक्टोबर १९४० ला पवनारला विनोबा पहिले. सत्याग्रहीने करायचं एवढंच : युद्धाला माणूस देऊ नका, पैसा देऊ नका, असं चारचौघांत सांगायचं. 'ना एक पाई, ना एक भाई' ही घोषणा तेव्हाची. आणि हे लपूनछपून करायचं नाही. कुठे, कधी बोलणार ते आधी मॅजिस्ट्रेटला कळवायचं.

ते कळवल्याचा कागद आमच्याकडे आहे. आईच्या कपाटात, आजीच्या पोथीत घडी करून ठेवलेला. अर्थात ही कच्ची प्रत, पक्की गेली असणार सरकारात. वहीचं अर्धं पान. आप्पांचं अक्षर बारीक, छापल्यासारखं. अमुक तारखेला सकाळी आठ वाजता गावच्या चावडीसमोर मी युद्धविरोधी घोषणा देणार आहे, आपणांस कळावे. 'सकाळी नऊ' लिहून खोडलंय आणि वर 'आठ' केलंय. बाजाराचा दिवस असावा. खाली सही, आणि सहीखाली 'वार्ताहर'. आठ वाजता पकडायला या, हे पोलिसांना स्वतःच्या हाताने लिहून देणारा माणूस. मी ते पान बराच वेळ हातात धरून बसले होते.

पण तारखेचं साल त्यावर नव्हतं, आणि शिक्षेचा कागद घरात कुठेच नव्हता.

वाटलं, वर्तमानपत्रात सापडेल. बातमीदाराला अटक झाली, तर बातमी येणारच. नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात गेले. आपलं 'सावाना', १८४० सालचं. आप्पांच्या साप्ताहिकाचे अंक काही मिळाले नाहीत. असली छोटी साप्ताहिकं चार-पाच वर्षं चालायची आणि मालकाबरोबर संपायची. दादासाहेब पोतनीसांनी १९३८ मध्ये काढलेलं 'गावकरी' टिकलं, पुढे दैनिक झालं, तसं सगळ्यांचं झालं नाही. तिथे मला एका जुन्या सभासदांनी वेगळंच सांगितलं. ते म्हणाले, "ताई, सापडलं तरी त्यात फार मिळायचं नाही. तेव्हा युद्धाविरुद्ध छापायला बंदी होती." नंतर वाचलं तेव्हा पटलं. भारत संरक्षण कायद्याखाली वर्तमानपत्रांवर बंधनं होती आणि त्यामुळेच गांधीजींनी १९४० च्या अखेरीस स्वतःचं 'हरिजन' थांबवलं होतं. म्हणजे आप्पांची बातमी आप्पांच्याच पेपरला धड छापता आली नसणार.

नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहाचं नाव आई नेहमी घ्यायची. साने गुरुजींनी १९३३ मध्ये 'श्यामची आई' लिहिली तेच जेल, हे सांगितल्याशिवाय तिचं वाक्य पुरं होत नसे. मी माहिती अधिकाराचा अर्ज केला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. कुठल्या कार्यालयाने काय उत्तर दिलं ते नाव घेऊन सांगत नाही. एकाने दुसरीकडे पाठवलं, दुसऱ्याने एवढ्या जुन्या नोंदी नाहीत म्हणून कळवलं. रागावण्यात अर्थ नव्हता. ऐंशी वर्षांपूर्वीचं रजिस्टर कोण सांभाळणार?

काम झालं ते मुंबईत. काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे. ओळखपत्र आणि अर्ज दिला की बसून फायली बघता येतात. तिथे जायच्या आधी एक गोष्ट ठाऊक पाहिजे : राजकीय चळवळींच्या फायली गृह खात्याच्या 'स्पेशल' शाखेत असतात. हे मला तिथल्या एका पीएचडीच्या मुलीने सांगितलं, नाहीतर मी महसूल खात्याच्या याद्या चाळत बसले होते. जिल्ह्याजिल्ह्यांतून सत्याग्रहींच्या याद्या मुंबईला जायच्या. त्यातल्या एकीत आप्पा होते. आडनावाने नव्हते. पहिलं नाव, वडिलांचं नाव आणि पुढे गावाचं नाव. आडनावावर बोट ठेवून मी ती यादी आधी दोनदा ओलांडून गेले असणार. फेब्रुवारी १९४१, चार महिने सक्तमजुरी.

चार महिने. हा आकडा बघितल्यावर मला घरातली आणखी एक गोष्ट आठवली. आप्पांनी स्वातंत्र्यसैनिकाची पेन्शन नाकारली, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. लग्नकार्यात सांगायची गोष्ट होती ती. केंद्र सरकारची योजना १९७२ ला आली, आणि तिला निदान सहा महिन्यांचा तुरुंगवास लागायचा. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींना पुढे तीन महिने झाले. आप्पांचे चार. म्हणजे ती पेन्शन नाकारायला त्यांना मिळालीच नसती. आईला हे सांगावं की नाही, याचा मी दोन दिवस विचार केला. सांगितलं. ती म्हणाली, "असेल. पण मागितली तर नाही ना!" तेही खरंच.

आता मिलिटरी. इथे सगळ्यात जास्त वेळ फुकट गेला.

नाशिकमध्ये मिलिटरी म्हटलं की देवळाली, आणि देवळाली म्हटलं की तोपखाना. मामाची ठाम समजूत होती की आप्पा तोपखान्यात कारकून होते. तोपखान्याचं अभिलेख कार्यालय नाशिकरोड कॅम्पलाच आहे, म्हणजे घराजवळच काम होणार, असं मला वाटलं. तिथे पहिला प्रश्न आला : नंबर? सैनिकाचा नंबर, हुद्दा, युनिट. यातलं काहीच माझ्याकडे नव्हतं. नावावरून लष्करात माणूस सापडत नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात बसलेल्या एका सुभेदार साहेबांनी मला नीट समजावलं. प्रत्येक दलाचं अभिलेख कार्यालय वेगळं. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, मेडिकल कोअरचं लखनौला. शिवाय ज्याला लष्कराची पेन्शन नाही त्याचे कागद पंचवीस वर्षांनी नष्ट करतात. युद्धापुरते भरती झालेले, युद्ध संपल्यावर घरी पाठवलेले, यांना पेन्शन नसेच. त्यांचं नाव राहिलंच तर 'लाँग रोल' नावाच्या मोठ्या रजिस्टरात एका ओळीपुरतं.

"घरी मेडल आहे का?" त्यांनी विचारलं.

होतं. मामाच्या देवघराच्या खणात, जुन्या नाण्यांबरोबर. सहा टोकांचा पितळेसारखा तारा, मध्ये राजाची आद्याक्षरं, भोवती इंग्रजीत 'द बर्मा स्टार'. रिबनचा लाल पट्टा विटून विटकरी झालेला, बाजूचा निळा मात्र अजून गडद. इतकी वर्षं तो सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता आणि त्यावर लिहिलेलं कुणी वाचलं नव्हतं. मी फोटो काढून सुभेदार साहेबांना पाठवला. त्यांनी लगेच सांगितलं, यावरून ते ब्रह्मदेशात होते असं धरू नका. बंगाल-आसामात ठरावीक काळ ज्यांनी नोकरी केली त्यांनाही हा मिळाला. पण एक नक्की, सगळी नोकरी देवळालीत झालेली नाही.

पुढची गाठ सुटली ती टपालामुळे. आजीने आप्पांची पत्रं ठेवली होती. पत्रांत काही नाही. मी खुशाल आहे, गाईला किती दूध आहे, धाकट्याला शाळेत घाला. सेन्सॉर असायचा, त्यामुळे गावाचं नाव नाही, युनिटचं नाही, हवेबद्दलसुद्धा नाही. दोन ठिकाणी ओळी काळ्या केलेल्या. ती पत्रं मी वाचून बाजूला ठेवणार होते. आमच्या कॉलनीत सिक्युरिटी प्रेसमधून निवृत्त झालेले एक काका आहेत. जन्मभर पोस्टाची तिकिटं छापली आणि जन्मभर तिकिटंच गोळा केली. त्यांना सहज दाखवली, तर त्यांनी पत्रांकडे बघितलंच नाही. पाकिटं मागितली.

पाकिटांवर तिकीट नव्हतं. 'ऑन ॲक्टिव्ह सर्व्हिस' असा छाप होता आणि फील्ड पोस्ट ऑफिसचा गोल शिक्का. शिक्क्यात गावाऐवजी नुसता नंबर. तिकीट नव्हतं म्हणूनच बहुधा ती वाचली. घरातल्या बाकीच्या जुन्या पाकिटांची तिकिटं माझ्या मावसभावांनी लहानपणीच कापून नेलीत. काकांकडे एक जाडं पुस्तक होतं. कोणत्या नंबरचं फील्ड पोस्ट ऑफिस कोणत्या महिन्यात कुठे होतं, त्याची यादी. त्यांनी भिंग घेऊन तारखा लावल्या आणि कागदावर लिहून दिलं : १९४३ च्या अखेरीला गुवाहाटी, १९४४ च्या उन्हाळ्यात डिमापूर.

१९४४ चा एप्रिल-मे म्हणजे कोहिमाची लढाई. डिमापूर तिथून ७५ किलोमीटरच्या आत, आणि रेल्वे तिथवरच. कोहिमाहून आणलेले जखमी त्याच रस्त्याने खाली यायचे. एका पाकिटाच्या मागे आप्पांनी स्वतःचा पत्ता म्हणून नंबर, नाव आणि इंडियन आर्मी मेडिकल कोअरची इंग्रजी आद्याक्षरं लिहिली होती. इतके महिने जो नंबर मी शोधत होते, तो पाकिटाच्या मागच्या बाजूला होता. लखनौला पत्र टाकलं. बऱ्याच महिन्यांनी एका पानाचं उत्तर आलं. भरती १९४३, हॉस्पिटलमध्ये कारकून, कार्यमुक्त १९४६. नावाचं स्पेलिंग आमच्या आडनावाशी जुळत नव्हतं, पण वडिलांचं नाव आणि तालुका बरोबर होता. बाकी कागद नाहीत.

या सगळ्यात आईला तिच्या आईने सांगितलेली एक गोष्ट आठवली. आप्पा परत आले ते पिवळेधमक होऊन. डोळे, तळवे, सगळं पिवळं. आजीने काविळीचं औषध दिलं, पथ्याला उसाचा रस दिला, आणि त्यांना तर काही झालेलंच नव्हतं. ब्रह्मदेश-आसामच्या आघाडीवर मलेरियासाठी मेपाक्रिनच्या गोळ्या रोज घ्याव्या लागत आणि त्यांनी कातडी पिवळी पडायची. ऐंशी वर्षांनी आमच्या आजीच्या काविळीचा उलगडा झाला. आई खूप हसली. मग म्हणाली, "तिला कळायला हवं होतं गं."

राहिला मामाचा प्रश्न. का गेले?

याचं उत्तर एखाद्या कागदात मिळेल या आशेवर मी होते. मिळालं ते अर्धंच. वैयक्तिक सत्याग्रहात सुटून आल्यावर पुन्हा सत्याग्रह करायचा, अशी अपेक्षा असे. आप्पांनी केला नाही. घरी वडील आजारी होते. १९४२ मध्ये त्यांचे मित्र भूमिगत झाले, काही पकडले गेले. आप्पा तेव्हा साप्ताहिकात खिळे जुळवत होते. कागदाची टंचाई वाढली, पानं घटली, मग साप्ताहिकच बंद पडलं. धान्याचे भाव काय झाले होते ते १९४३ सालाबद्दल कुणीही वाचावं. धाकट्या भावाला लिहिलेल्या एका पत्रात त्यांनी एवढंच म्हटलंय की बंदूक हातात घ्यावी लागणार नाही अशी खात्री करून घेतली आहे, आणि गांधीजींनी बोअर युद्धात जखमी उचलले होते हे विसरू नये. गांधीजींनी १८९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत शुश्रूषा पथक काढलं होतं हे खरं. १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी ते स्वतः हिंडले हेही खरं. पण १९४३ मध्ये गांधीजी आगाखान पॅलेसमध्ये कैदेत होते आणि त्यांचा सत्याग्रही इंग्रजांच्या हॉस्पिटलात जखमींची नोंद करत होता. आप्पांना हे सोपं गेलं नसणार. त्यांच्या सोबत जेलमध्ये गेलेल्या एका जिवलग मित्राने त्यांच्याशी बोलणं टाकलं ते कायमचं. त्या घराशी आमचं येणंजाणं का नाही, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं.

माझं मत विचाराल तर ते पोटासाठी गेले आणि जाताना बंदूक टाळता येईल तेवढी टाळली. यात लपवण्यासारखं काही नाही. त्या युद्धात हिंदुस्थानी सैन्य पंचवीस लाखांवर गेलं. त्यातले किती जण साम्राज्याच्या प्रेमाने गेले असतील?

युद्धानंतर नाशिकला परतून ते दैनिकात लागले. त्या दैनिकाच्या फायली मात्र चाळायला मिळाल्या. पानांना हात लावला की कडा तुटून मांडीवर पडायच्या, म्हणून मोबाइलवर फोटो काढत गेले. आप्पांच्या नावाने छापलेलं फार थोडं. तेव्हा वार्ताहराचं नाव छापत नसत. आईला त्यांची भाषा ओळखता येते, तिने बोट ठेवलं ते त्यांचं असं धरलं. कांद्याचा भाव, गोदावरीचा पूर, १९५० चं नाशिकचं काँग्रेस अधिवेशन. चीनच्या युद्धानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि नाशिकमधून बिनविरोध लोकसभेवर गेले, त्याची मोठी बातमी आहे. १९६३ च्या मार्चमध्ये शंकरराव देव दिल्लीहून पेकिंगला मैत्रीयात्रा घेऊन पायी निघाले. चीनने त्यांना आत येऊ दिलं नाही. तीही बातमी आहे, आतल्या पानावर, बोटभर. सगळीकडे संरक्षण निधीच्या याद्या छापल्या जात असताना ती तिथे टाकायला कुणीतरी भांडलं असणार, असं आईचं म्हणणं. ओझरला मिग विमानांचा कारखाना यायचा होता तेव्हाच्या बातम्यांत विमानांपेक्षा जमिनीच्या मोबदल्याबद्दल जास्त आहे. ते नक्की आप्पाच.

फॉर्म मी दोन्ही गोष्टी लिहून दिला. मामाला आधी वाचून दाखवला. तो बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "बंदूक नव्हती हे ठळक लिही." पुस्तिकेत जेलची ओळ आली, हॉस्पिटलची जागेअभावी गळली. मग मी सगळ्या कागदांच्या प्रती एका फायलीत लावून घरातल्या प्रत्येकाला एकेक दिली.

आता तुम्हाला शोधायचं असेल तर. आधी घर उलथंपालथं करा, मग सरकारी दारात जा. नावाच्या जितक्या तऱ्हा शक्य आहेत तितक्या लिहून न्या : आडनावासकट, आडनावाशिवाय, गावाच्या नावाने, इंग्रजी स्पेलिंग उलटसुलट करून. सत्याग्रहींसाठी पुराभिलेखागारात गृह खात्याच्या स्पेशल फायली मागा. राज्याच्या दर्शनिका विभागाने काढलेला स्वातंत्र्यसैनिकांचा चरित्रकोशही बघा, आमचे आप्पा त्यात नाहीत, तुमचे असतील. सैनिकासाठी आधी नंबर आणि दल शोधा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारायला पैसे पडत नाहीत. दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना राज्य सरकार महिन्याला अनुदान देतं. आमच्या आजीला ते कुणी सांगितलं नाही. तुमच्या घरात कुणी असेल तर आजच चौकशी करा. आणि जुनी पत्रं नीट ठेवायची म्हणून पाकिटं टाकून देत असाल, तर कृपा करून टाकू नका. दोन्ही बाजू बघा.